आपल्याच घरात उपरी

पेशवाईतल्या महसुली कागदपत्रांत कुणब्यांचे दोन वर्ग वारंवार भेटतात: मिरासदार आणि उपरी. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. ती त्याला गहाण टाकता येई, विकता येई, आणि सारा भरीत असेतो त्याला तिच्यावरून सहसा कोणी उठवू शकत नसे. उपरी बाहेरून आलेला. जमीन तोही कसे, घाम तोही गाळी. पण ठरावीक मुदतीच्या बोलीवर आणि दुसऱ्याच्या मर्जीने. गेम कन्सोल विकत घेणारा आजचा ग्राहक या दोहोंपैकी कोण, हा या लेखाचा विषय आहे. आमचे उत्तर आरंभीच सांगून टाकतो. त्याच्याकडून पैसे मिरासदारीचे घेतले जातात आणि त्याला वागवले जाते उपऱ्यासारखे.

मराठीच्या अध्यापकांनी पोरांच्या खेळण्यांवर लेखणी झिजवावी काय, असे म्हणून काही वाचक नाक मुरडतील. त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे, की शब्द कोणी घडवला, कोणाच्या सोयीसाठी घडवला आणि तो कोणाच्या तोंडी घालून दिला हे तपासणे हा आमचा पोटापाण्याचाच उद्योग आहे. आणि या प्रकरणात तपासण्याजोगे शब्द पुष्कळ आहेत. कन्सोलच्या मालकाने आपल्या यंत्रात फेरफार केला की त्याला 'पायरसी' म्हणतात. पायरसी म्हणजे समुद्रावरची चाचेगिरी, गलबते लुटणे, माणसे कापणे. उलट कंपनीने एकदा विकलेल्या यंत्रातून एखादी सोय परत काढून घेतली, तर तिचे नाव 'सुरक्षेसाठी अपडेट'. एवढी विषमता ज्या शब्दकोशात आहे तो कोश ग्राहकाने लिहिलेला नाही, हे सांगायला भाषाशास्त्र शिकावे लागत नाही.

मुळात कन्सोल ही काय चीज आहे ते पाहू. तो एक पुरता संगणक असतो. प्रोसेसर, स्मृती, डिस्क, सारे काही त्यात असते. भेद इतकाच, की निर्मात्याने मान्यतेची मोहर उठवलेलीच प्रणाली तो चालवतो. दुसरे काही घातले तर नाकारतो. निन्टेंडोने १९८५ साली अमेरिकेत जे यंत्र विकायला काढले त्यात एक छोटी चिप होती आणि तिची जोडीदार चिप प्रत्येक काडतुसात होती. दोघींची गाठ पडली नाही तर यंत्र पुन्हा पुन्हा नव्याने सुरू होत राही. (नव्वदच्या दशकात आपल्याकडे गावोगावी जे टीव्ही गेम आले ते निन्टेंडोच्याच जपानी यंत्राच्या नकला होत्या. त्या मूळ जपानी यंत्रात हे कुलूप नव्हते, म्हणून नकलांतही नव्हते. आपल्या एका अख्ख्या पिढीने कन्सोल पाहिला तो बिनकुलपाचा.) या कुलपाचा हेतू उघड होता. खेळ कोणी बनवावेत, किती बनवावेत आणि त्यापायी निन्टेंडोला किती पैसे मोजावेत, हे निन्टेंडोने ठरवावे. पुढे हाच धंद्याचा रिवाज झाला. यंत्र स्वस्तात, प्रसंगी तोट्यात विकायचे आणि नफा खेळांवर काढायचा.

या हिशेबाबद्दल आमची तक्रार नाही. व्यापाऱ्याने कशावर नफा काढावा हे त्याचे तो जाणे. पण त्याचा हिशेब जमवून देणे हे गिऱ्हाइकाचे कर्तव्य कधीपासून झाले? हॉटेलवाल्याने चहा तोट्यात विकून भज्यांवर नफा काढायचे ठरवले, म्हणून नुसता चहा पिऊन उठणारा चोर ठरत नाही.

आता प्लेस्टेशन ३ची कथा. ती आम्ही थोडी विस्ताराने सांगणार आहोत, कारण या वादातल्या सगळ्या गाठी तीत आहेत. सोनीने हे यंत्र २००६च्या नोव्हेंबरात जपान आणि अमेरिकेत विकायला काढले. अमेरिकेत किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर. त्याच्या अनेक गुणांपैकी एक गुण खुद्द कंपनीनेच दिलेला होता: 'इन्स्टॉल अदर ओएस', म्हणजे खेळाखेरीज लिनक्ससारखी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम बसवून यंत्र संगणक म्हणून वापरण्याची सोय. ही सोय कोणी चोरवाटेने मिळवलेली नव्हती. यंत्राच्या यादीत ती होती आणि तिच्यासकट यंत्राचे मोल घेतले गेले होते. लोकांनी तिचा उपयोगही केला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डार्टमथ येथील शाखेत गौरव खन्ना या भौतिकशास्त्रज्ञाने काही प्लेस्टेशन एकमेकांना जोडून कृष्णविवरांची गणिते केली. अमेरिकन वायुदलाच्या न्यूयॉर्क राज्यातील रोम येथील प्रयोगशाळेने तर सतराशेहून अधिक यंत्रे जोडून महासंगणक उभा केला. तो २०१०च्या अखेरीस सर्वांपुढे आला.

२०१०च्या जानेवारीत जॉर्ज हॉट्झ या तरुणाने या यंत्राचे अंतर्गत कुलूप आपण काही अंशी उघडल्याचे जाहीर केले. मार्चअखेरीस सोनीची घोषणा आली: १ एप्रिलच्या नव्या फर्मवेअरने, ३.२१ या आवृत्तीने, 'अदर ओएस' बंद होईल. कारण सुरक्षा. तारीख पाहून ही थट्टा असावी असे वाटण्याचा संभव होता; ती नव्हती. नवे फर्मवेअर घेणे सक्तीचे नव्हते, हे खरे. पण जो घेणार नाही त्याला प्लेस्टेशन नेटवर्कवर प्रवेश नाही, ऑनलाइन खेळ नाहीत, आणि ज्यांना नव्या आवृत्तीची गरज आहे असे पुढचे खेळ वा ब्ल्यू-रे चित्रपटही नाहीत. एका यंत्राच्या दोन अंगांपैकी कोणते कापून द्यायचे ते आपण ठरवा, असा हा पर्याय होता. याला निवड म्हणत असतील तर वाटमाऱ्याच्या 'पैसे की प्राण'लाही निवडच म्हणावे लागेल.

ग्राहक कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयात गेले. २०११ साली न्यायाधीश रिचर्ड सीबोर्ग यांनी दावे फेटाळले. त्यांच्या निकालाचा सूर लक्षात घेण्याजोगा आहे. लोकांचा संताप खरा आहे आणि समजण्यासारखाही आहे, कंपनीने गिऱ्हाइकाच्या दृष्टीने केले ते कदाचित बरे केले नसेल. पण कायद्याने तिला जबाबदार धरता येत नाही. २०१४ साली अपील न्यायालयाने दाव्यांचा काही भाग पुन्हा उभा केला, आणि शेवटी २०१८ साली तडजोड मान्य झाली. निधी साडेसदतीस लाख डॉलरचा, त्यातूनच वकिलांचेही शुल्क, आणि ग्राहकास प्रत्येकी फार तर ६५ डॉलर. आठ वर्षांनी. ज्यांनी वकिलाचे तोंडही पाहिले नाही अशा असंख्यांच्या घरातले यंत्र तोवर अडगळीत गेले होते.

'पण करार तुम्हीच मान्य केला होता ना?' हा प्रश्न येथे हमखास विचारला जातो, आणि तो विचारणारे बहुधा सुशिक्षित असतात. करार म्हणजे दोन पक्षांनी एकमेकांशी बोलून, घासाघीस करून ठरवलेल्या अटी. येथे काय घडते? दुकानात पैसे मोजले जातात. पिशवी घरी येते. खोका उघडला जातो, तार जोडली जाते, मग पडद्यावर काही हजार शब्दांचा मजकूर उमटतो आणि त्याखाली 'मान्य' असे एकच बटण असते. जुन्या काळी कुळाकडून कबुलायत लिहून घेत. तिच्यात निदान कुळाचे नाव असे, जमिनीच्या चतुःसीमा असत आणि सारा किती हे आकड्यांत लिहिलेले असे. या नव्या कबुलायतीत 'आम्ही या अटी केव्हाही बदलू शकू' असे कलम असते, म्हणजे कुळाने कशावर अंगठा उठवला हे मालकच उद्या ठरवणार. २०२५च्या मे महिन्यात निन्टेंडोने आपल्या अमेरिकन ग्राहकांसाठीच्या करारात जे कलम घातले ते तर निर्लज्जपणाचा कळस आहे. ग्राहकाने यंत्रात अनधिकृत फेरफार केल्यास कंपनी ते यंत्र पूर्णतः वा अंशतः कायमचे निकामी करू शकेल. खेळ नव्हे, खाते नव्हे, यंत्र. पुढच्या महिन्यात 'स्विच २' बाजारात आला, आणि अमान्य काडतुसे घातलेल्या यंत्रांचा ऑनलाइन प्रवेश तोडला जाऊ लागला. तो तोडला जातो यंत्राचा, माणसाचा नव्हे. त्यामुळे असे यंत्र जुन्या बाजारातून अजाणतेपणी घेणाऱ्याला पहिल्या मालकाच्या कृत्याची शिक्षा भोगावी लागते.

आता 'सुरक्षा' या शब्दाकडे वळू. प्लेस्टेशन ३ची 'अदर ओएस' ही सोय होती तोवर, तीन वर्षांहून अधिक काळ, त्याचे कुलूप मोडण्याच्या नादी फारसे कोणी लागले नव्हते. ती काढून घेतल्यावर वर्षही पुरते लोटले नव्हते, तोच २०१०च्या डिसेंबरात बर्लिनच्या एका परिषदेत 'फेलओव्हरफ्लो' या गटाने सोनीच्या मोहरेचे गणितच उघडे पाडले. प्रत्येक मोहरेमागे नवी यादृच्छिक संख्या वापरायची असते. सोनीने तीच ती वापरली होती, आणि त्यामुळे गुप्त किल्ली साध्या बीजगणिताने काढता येत होती. या मंडळींचा युक्तिवाद आम्हांला मार्मिक वाटतो. कुलूप उघडण्याची विद्या ज्यांना अवगत असते, त्यांना फुकट खेळ नको असतात. त्यांना आपल्या यंत्रावर आपली प्रणाली चालवायची असते. तो दरवाजा कंपनीने उघडा ठेवला होता तोवर ते स्वस्थ होते. दरवाजा बंद करून कंपनीने आपल्या सर्वांत कुशल गिऱ्हाइकांनाच कामाला लावले. हॉट्झने किल्ली प्रसिद्ध केल्यावर सोनीने त्याच्यावर २०११च्या जानेवारीत खटला भरला, आणि त्याच्या पानाला भेट देणाऱ्यांचे पत्ते मिळवण्याची परवानगीही न्यायालयाकडून मिळवली. एप्रिलात तडजोड झाली. त्याच एप्रिलात खुद्द सोनीच्या नेटवर्कमधून सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती चोरीस गेली. ग्राहकाच्या दिवाणखान्यातल्या यंत्राला सात कुलपे, आणि ग्राहकाच्या माहितीच्या कोठाराची ही अवस्था. सुरक्षा कोणाची, हे त्यातून स्पष्ट व्हावे.

आमच्यावर आक्षेप येईल, की तुम्ही चोरांची वकिली करीत आहात. तेव्हा एक गोष्ट प्रांजळपणे मान्य करतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात ज्यांनी एके काळी आपल्या प्लेस्टेशनमध्ये चिप बसवून घेतली, त्यांना जपानी खेळांच्या कलात्मकतेची तहान लागली होती असे आम्ही म्हणणार नाही. बहुतेकांना स्वस्तातल्या नकली डिस्क चालवायच्या होत्या. ते गैर होते. खेळ लिहिणाऱ्यालाही पोट असते, आणि मराठी लेखकाला न मिळणाऱ्या मानधनाबद्दल गळा काढणाऱ्या आम्ही तरी ते विसरू नये. पण मग नकली डिस्क छापणाऱ्याला धरा, विकणाऱ्याला धरा. त्यासाठी कायदे केव्हापासूनच आहेत. स्क्रूड्रायव्हर बाळगणे हाच गुन्हा ठरवण्याचे कारण काय?

या प्रश्नाचा सर्वांत स्वच्छ विचार आमच्या वाचनात आला तो ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाच्या, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या, ६ ऑक्टोबर २००५च्या निवाड्यात. सिडनीत प्लेस्टेशनमध्ये चिप बसवून देणाऱ्या एका माणसावर सोनीने दावा लावला होता. मूळ डिस्कवर एक संकेत असतो. साध्या यंत्रावर नक्कल केली तर तो नकलेत उतरत नाही. आणि संकेत न सापडल्यास कन्सोल डिस्क चालवत नाही. चिप ही तपासणी चुकवते. न्यायालयाने विचारले, हे कुलूप नक्कल करणे थांबवते काय? नाही. नक्कल तर आधीच झालेली असते. कुलूप ती फक्त चालू देत नाही. म्हणजे ज्या प्रताधिकाराच्या नावाने हे सारे चालले आहे, त्याचे संरक्षण हे कुलूप करीतच नाही. सहाही न्यायमूर्ती निकालाबाबत एकमताचे होते. शिवाय हा संकेत प्रदेशनिहाय होता. जपानात किंवा अमेरिकेत रोख पैसे देऊन घेतलेली अस्सल डिस्कही ऑस्ट्रेलियातल्या यंत्रावर चालत नसे. तिथल्या ग्राहक आयोगाने पहिल्या न्यायालयात याच मुद्द्यावर आपले म्हणणे मांडले होते. न्यायमूर्ती मायकेल कर्बी यांनीही दाखवून दिले, की सोनीचा अर्थ मान्य केला तर जगाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात वेगळी किंमत लावण्याची सत्ता तिला मिळेल, आणि ती प्रताधिकाराच्या कायद्याने दिलेली नाही.

निवाड्याचे पुढे काय झाले? अमेरिकेशी झालेल्या व्यापार कराराच्या अटीनुसार ऑस्ट्रेलियाने २००६ साली कायदाच बदलला आणि अशा कुलपांना संरक्षण दिले. मात्र प्रदेशनिहाय बाजार विभागणाऱ्या कुलपांना त्यातून वगळले. एवढी लाज तरी शिल्लक राहिली म्हणायचे.

येथे आमच्या भाषेने घातलेला घोळ सांगितला पाहिजे. 'कॉपीराइट'ला मराठीत सर्रास 'स्वामित्वहक्क' म्हणतात. स्वामित्व म्हणजे मालकी. म्हणजे शब्द उच्चारताक्षणीच कंपनी स्वामी झाली आणि पैसे मोजणारा कोणीच उरला नाही. 'प्रताधिकार' हा शब्द कानाला रुक्ष लागेल, पण तो खरे बोलतो. तो प्रतीपुरता अधिकार आहे. प्रती कोणी काढाव्यात एवढेच तो ठरवतो. छापून विकलेल्या प्रतीचे पुढे काय व्हावे हे तो सांगत नाही. पुस्तक विकत घेतले, की त्यात रेघा माराव्यात, पाने फाडावीत, चामड्याची बांधणी करावी, शेवटचे प्रकरण आधी वाचावे, आणि कंटाळा आला की अप्पा बळवंत चौकात नेऊन विकावे. लेखक मनातून कितीही तळमळला तरी दारात शिपाई पाठवू शकत नाही.

अमेरिकन न्यायालयांनाही हे एके काळी कळत होते. 'गेम जिनी' नावाचे एक उपकरण होते. ते निन्टेंडोच्या यंत्रात काडतुसाबरोबर बसवले की खेळाचे नियम बदलता येत, जास्त जीव मिळत. निन्टेंडो न्यायालयात गेली. १९९१ साली न्यायाधीश फर्न स्मिथ यांनी निर्णय दिला, की उचित मोल मोजल्यावर ग्राहक आपल्या घरात त्या वस्तूवर प्रयोग करू शकतो. पुस्तकाची काही पाने गाळून वाचण्यासारखेच ते आहे. १९९२ साली अपिलातही तो कायम राहिला. सहाच वर्षांनी, १९९८ साली, अमेरिकेने डिजिटल मिलेनियम कॉपीराइट अ‍ॅक्ट केला, आणि नक्कल होवो न होवो, कुलूप उघडणे हाच स्वतंत्र अपराध झाला. अपवाद हवा असेल तर दर तीन वर्षांनी काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या प्रमुखाकडे अर्ज करायचा. (ग्रंथपालाच्या हाती कुलपांच्या किल्ल्या, ही कल्पना एरवी आम्हांला आवडली असती.) २०१० साली मोबाइल फोनचे कुलूप उघडायला परवानगी मिळाली. २०१२ साली कन्सोलसाठी तीच मागणी नाकारली गेली. खिशातला संगणक तुमचा, टीव्हीखालचा मात्र कंपनीचा. २०२१ साली डिस्क ड्राइव्ह बदलण्यापुरती सवलत मिळाली, तीही काम झाल्यावर कुलूप पूर्ववत लावून ठेवण्याच्या अटीवर.

हे सारे पोराटोरांच्या खेळापुरते राहिले असते तर आम्हीही एवढे तावातावाने लिहिले नसते. पण २०१५ साली जॉन डीअर या ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपनीने अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयापुढे जे लेखी म्हणणे मांडले ते वाचावे. ट्रॅक्टर विकत घेणाऱ्या शेतकऱ्याला त्यातल्या प्रणालीची मालकी मिळत नाही. वाहनाच्या आयुष्यापुरता चालवण्याचा गर्भित परवाना तेवढा मिळतो. त्या वर्षी शेतकऱ्यांना दुरुस्तीपुरती सवलत मिळाली, ही गोष्ट निराळी. मिरासदार आणि उपरी हा भेद आम्ही अलंकारासाठी योजला नव्हता, हे आता ध्यानात यावे. नांगर गेला, त्याच्या जागी ट्रॅक्टर आला. शेत तुमचे, सातबारा तुमचा, आणि अवजारापुरते तुम्ही उपरे.

आणखी एक हानी आहे, आणि ती आमच्या विषयाला फार जवळची आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३च्या पाहणीनुसार, अमेरिकेत २०१०पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. ते चालवायचे तर जुनी यंत्रे हवीत. ती मरत चालली आहेत. आणि त्यांची जागा दुसऱ्या यंत्राला घेता यावी यासाठी कुलूप उघडावे लागते. संशोधकांना ग्रंथालयांतून असे खेळ दुरून अभ्यासता यावेत, ही मागणी २०२४च्या ऑक्टोबरात अमेरिकेत नाकारली गेली. मराठीच्या अभ्यासकाला येथे महानुभावांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत उतरवून ठेवले. त्यांची कारणे श्रद्धेची होती, काळाच्या धास्तीचीही असतील. नफ्याची खचित नव्हती, म्हणून तुलना फार ताणू नये. पण परिणाम पाहा. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ, 'लीळाचरित्र', शतकानुशतके मराठी वाचकाच्या दृष्टीआड राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे अशांनी पंथातल्या काहींच्या साहाय्याने ते कुलूप उघडले, तेव्हा आमच्या वाङ्मयाच्या इतिहासाचा आरंभच नव्याने लिहावा लागला. आज कोणी आमच्या अभ्यासक्रमातून राजवाड्यांना 'संरक्षक उपाययोजनेचा भंग करणारे' म्हणून वगळील काय?

आपल्याकडचा कायदा, आश्चर्य वाटेल, पण अमेरिकेपेक्षा शहाणा आहे. प्रताधिकार कायद्यात २०१२ साली ६५ अ हे कलम आले. कुलूप मोडण्याची शिक्षा त्यातही आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण ते कृत्य प्रताधिकाराचा भंग करण्याच्या हेतूने केलेले असले पाहिजे. कायद्याने स्पष्टपणे निषिद्ध न केलेल्या कामासाठी कुलूप उघडले तर तो गुन्हा नाही. हेतू पाहा, हत्यार पाहू नका, हेच आम्ही वर सांगत होतो. मात्र एक तळटीप आहे. अशा कामात दुसऱ्याला मदत करणाऱ्याने त्या माणसाचे नाव, पत्ता, ओळखीचा तपशील आणि कामाचा हेतू यांची पूर्ण नोंद ठेवायची. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने 'अनुचित करार' ही संज्ञाही आणली. वर वर्णिलेल्या कबुलायती तीत सहज बसाव्यात. पण त्याविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही, ती राज्य आयोगापुढे न्यावी लागते. पन्नास हजारांच्या यंत्रासाठी गडचिरोलीच्या माणसाने ती खटपट करावी, अशी अपेक्षा आहे. २०२२ साली केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबरात संकेतस्थळ उघडले. शेतीची अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू, वाहने, अशी चार क्षेत्रे तीत आहेत. कन्सोलचे नाव तेथे स्वतंत्रपणे नाही. घरगुती वस्तूंच्या रांगेत त्याला मागे कुठे तरी उभे राहावे लागेल.

आमच्या एका सहकाऱ्यांनी मुलासाठी जुना कन्सोल घेतला होता. दीड वर्षाने त्याची डिस्क ड्राइव्ह बंद पडली. कंपनीच्या सेवाकेंद्रात सांगण्यात आले, की सुटी ड्राइव्ह मिळत नाही, पूर्ण यंत्र बदला. तपकीर गल्लीतल्या एका कारागिराने ते उघडून पाहिले. ड्राइव्ह आणि मुख्य बोर्ड यांची कारखान्यातच जोडी लावलेली असते, तो म्हणाला, दुसऱ्या यंत्राची ड्राइव्ह बसवली तर बोर्ड तिला ओळख देत नाही. मग त्याने भंगारातली एक ड्राइव्ह काढली, आमच्या सहकाऱ्यांच्या मेलेल्या ड्राइव्हमधले छोटे सर्किट सोडवून तिला लावले, आणि जुनी ओळख घेऊन नवी ड्राइव्ह चालू लागली. चारशे रुपये झाले. आम्ही बरोबर होतो. ६५ अच्या नियमाप्रमाणे आमची नावे, पत्ते आणि हेतू लिहून घ्यायला हवेत, असे आम्ही त्याला गंभीरपणे सांगितले. त्याने गल्ल्यातून पावतीपुस्तक काढले आणि विचारले, "जीएसटी नंबर आहे का सर?"